गफूरचाचांचं चेनकव्हर

आमच्या कामतघर वस्तीत नवा माणूस राहायला आला की बाकीचे लोक त्याला नाव विचारत, गाव विचारत, कुठल्या कारखान्यात ड्युटी आहे ते विचारत. गफूरचाचा विचारत, "दात किती?"

माणूस गोंधळून तोंडावर हात नेई. एका पाहुण्यानं तर, अक्कलदाढ गेल्याच वर्षी काढली, असं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. चाचांना त्या दातांशी काही देणंघेणं नव्हतं. ते तोपर्यंत वाकून त्याच्या सायकलच्या मागच्या चाकाकडे बघायला लागलेले असत. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातानं लुंगी सावरलेली, आणि ओठ हलताहेत. मोजून झालं की सरळ उभे राहून निकाल देत, "अठरा. तुला न्हाय झेपत. वीस टाक."

ज्यांनी सायकल फक्त चालवली आहे आणि तिच्याकडे कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पायडलपाशी दातांचं मोठं चक्र असतं, ते चेनव्हील. मागच्या चाकात छोटं चक्र असतं, ते फ्रीव्हील. दोघांना चेन जोडते. पुढे चव्वेचाळीस किंवा अठ्ठेचाळीस दात, मागे सोळापासून बावीसपर्यंत. मागचे दात कमी असले तर सायकल वाऱ्यासारखी जाते, पण चढावर छाती फुटते. मागचे दात जास्त असले तर चढ सोपा, पण सपाट रस्त्यावर पाय नुसते गरगर फिरतात आणि सायकल जागची हलत नाही असं वाटतं. पुढचे दात कमी केले तरी तेच. एवढंच शास्त्र. दुकानदार देईल ते दात आपण जन्मभर ओढतो. चाचांच्या मते हा अडाणीपणा होता. "दुसऱ्याचा चष्मा घालतो का तू? मग दुसऱ्याचे दात कशापायी वापरतो?"

चाचांचा धंदा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा. आमच्या चाळीसमोरच त्यांचा कारखाना, आणि कारखान्याच्या माडीवर घर. माझे बाबा त्यांच्याकडे लूम चालवायचे. लूमवरही दातांची चाकं असतात. त्यातलं एक चाक बदललं की कापड घट्ट विणलं जातं किंवा विरळ. मशीन तेच, सूत तेच, कारागीर तोच. नुसते दात बदलले की माल बदलतो. हे बघत बघत चाचांचं उभं आयुष्य गेलं, आणि माणसाचंही तसंच असतं असं त्यांच्या मनानं घेतलं. माणूस चिडका असो, आळशी असो, नापास झालेला असो, त्याचे दात चुकलेत अशी त्यांची पक्की समजूत होती.

माणूस ओळखायची त्यांची जागा म्हणजे तलावाकडून आमच्या चाळीकडे येणारा चढ. संध्याकाळी ते कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि चढावरून येणारे पाय बघत. तोंडाकडे बघतच नसत. "तोंड काय, तोंड काय पण बोलंल," ते म्हणत. "पाय झूट न्हाय बोलत."

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल त्याला सुमार नाही.

त्यांच्या पुतणीला बघायला मुलगा आला तेव्हाची गोष्ट आमच्या चाळीत अजून सांगतात. मुलगा ठाण्याहून नव्या स्कूटरवर आला. चाचांचा चेहरा उतरला. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं काय ओळखणार? सरबत झालं, बिर्याणी झाली, सगळे खूश, आणि चाचा त्या मुलाला म्हणाले, "बेटा, जरा माझी सायकल घेऊन तलावापर्यंत जाऊन ये. हवा खाऊन ये." पोरगा इस्त्रीच्या सफारीत, पोटात ती बिर्याणी, आणि बाहेर मे महिना. गेला बिचारा. येताना चढाच्या मध्यावर त्याची सायकल डुलायला लागली. मुलाकडची मंडळी खिडकीतून बघताहेत, त्याच्या आईनं दुपट्टा तोंडाला लावला. पोरगा पायडलवर उभा राहिला, दात ओठ खाल्ले, पण खाली उतरला नाही. घामानं निथळत दारात आला तेव्हा चाचांनी त्याला मिठीच मारली. "अठरावर उभा ऱ्हायला, पण उतरला न्हाय! हा पोरीला सोडणार न्हाय. तारीख काढा."

पुतणी आजही सुखात आहे. मात्र तिचा नवरा पुन्हा कधी सायकलवर बसला नाही.

चाचांचे सगळेच हिशोब असे जमत नसत. आमच्याकडे पाव घेऊन येणारा इब्राहिम पहाटे कॅरिअरवर पावांची मोठी पेटी बांधून यायचा. चाचांनी त्याच्या मागे लागून बावीस दात बसवायला लावले. ओझं सोपं झालं. पण पाव विकून झाल्यावर रिकामी सायकल घेऊन परत जाताना इब्राहिमचे पाय पंख्यासारखे फिरायचे आणि शाळेतली पोरं त्याच्या बाजूनं चालत त्याला सलाम करायची. त्यानं तक्रार केली. चाचा विचारात पडले, मग म्हणाले, "चूक माझी न्हाय. तू रिकामा जातो ती चूक हाय. जाताना सासूला बसवत जा." इब्राहिमची सासू आमच्याच गल्लीत राहायची आणि ती हे ऐकत होती. पुढचा महिनाभर तिनं चाचांना पाहून डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

माझ्यावर मात्र त्यांचे उपकार आहेत. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा आमच्या घरात आनंद इतका होता की कॉलेजात जायचं कसं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग बाबांनी एक जुनी सायकल आणली. चाचांनी ती बघितली आणि कपाळाला हात लावला. "अठ्ठेचाळीसला सोळा? लक्ष्मण, ही पैलवानाची सायकल हाय. तुझा पोरगा बघ, अगरबत्तीसारखा!" लक्ष्मण म्हणजे माझे बाबा. ते म्हणाले, "चालेल शेठ, तरुण आहे, ओढेल." चाचा भडकले. "ओढंल, पण मग शिकंल कोण? हा तिथं पोचला आणि पयला तास नुसता धापा टाकत बसला, तर तू लूमवर मरतो कशाला?"

त्याच संध्याकाळी त्यांनी सायकल उलटी घातली. पुढे चव्वेचाळीस, मागे वीस. हात काळे, कपाळावर ग्रीस, आणि चेन बसली तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान की जणू बी.ए. तेच होणार आहेत. कॉलेजची माझी सगळी वर्षं त्या सायकलवर गेली. मी वर्गात जाऊन बसायचो तेव्हा मला दम लागलेला नसायचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेलो, तर चाचा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "बघ. सोळावर नापास झाला असता."

आता धर्मादादांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय चाचांची गोष्ट पुरी होत नाही.

धर्मा पाटील आमच्याच कामतघरातले, चाचांच्या कारखान्यातले जॉबर. म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. दोघं एकाच वयाचे. पोरपणी एकाच तलावात पोहायला शिकलेले, आणि एकमेकांना आयुष्यभर शिव्या देत आलेले. सायकलीवर दोघांची चुरस जुनी. शुक्रवारी लूम बंद. चाचांची दुपारची नमाज आणि जेवण झालं की दोघं कामतघरातून नारपोलीवरून अंजूरफाट्यापर्यंत शर्यत लावत, तिथं चहा पीत, आणि चहा कुणी पाजायचा यावर भांडत परत येत. धर्मादादा नेहमी जिंकायचे. चाचांकडे हिशोब होता, धर्मादादांकडे मांड्या होत्या.

"तुझे दात बराबर हायत गफूर," ते म्हणायचे, "फक्त माणूस खोटा बसलाय."

मी नोकरीला लागलो, शाळेत मास्तर झालो, त्याच सुमाराला एका सकाळी धर्मादादा घरच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि त्यांचा उजवा पाय मोडला. प्लास्टर बरेच दिवस होतं. निघालं तेव्हा आतून निघालेला पाय बघून त्यांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, "हा कुणाचा?" डॉक्टरांनी बजावलं, की पाय रोज चालता ठेवा, सायकल चालवा, नाहीतर गुडघा आखडेल आणि मग काठी काही सुटायची नाही.

धर्मादादा एकदाच सायकलवर बसले. नारपोलीच्या वळणावर एक कांदेवाला हातगाडी ढकलत त्यांच्या पुढे निघून गेला. धर्मादादा तिथंच उतरले. लंगडत, सायकल हातात धरून घरी आले, सायकल पडवीतल्या खुंटीला टांगली आणि बायकोला म्हणाले, "ज्याच्या म्होरं कांदं जातात, त्यानं सायकल चालवू न्हाय." त्या दिवसापासून ते पडवीत खाटेवर बसून राहिले. बाजूला काठी. ती काठी दिवसेंदिवस त्यांच्या जवळ सरकत होती.

चाचा रोज जाऊ लागले. मी बहुतेक वेळा बरोबर असायचो, कारण चाचांना आपलं शास्त्र समजावून सांगायला कोणीतरी शिकलेला माणूस लागायचा. त्यांनी धर्मादादांचं अठराचं फ्रीव्हील काढून वीसचं बसवलं. "बघ, लोण्यासारखी जाते. बस."

"न्हाय बसणार."

"आरं, पाय आखडंल."

"आखडू दे. माझा पाय हाय."

"हळूहळू जाऊ. मी हाय ना बरोबर."

"तेच न्हाय पायजे!" धर्मादादांचा आवाज एकदम चढला. "तू म्होरं जाणार. मग कोपऱ्यावर थांबणार. एक पाय टेकून, मागं बघत. 'ये धर्मा, सावकाश ये.' मला न्हाय पायजे कोण माझी वाट बघणारा. ब्रेक दाबून माझ्या बाजूनं चालणारा बी न्हाय पायजे. कळतं ते, गफूर. बाजूचा ब्रेक दाबतोय ते कळतं."

बराच वेळ चाचांनी त्या टांगलेल्या सायकलचं चाक बोटानं फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. मग उठून गेले.

त्यानंतर काही दिवसांतच चाचांच्या सायकलला चेनकव्हर बसलं.

ह्या बातमीनं चाळ हादरली म्हटलं तरी चालेल. चाचांना चेनकव्हरचा मनापासून तिटकारा. "चेन झाकतो तो माणूस कायतरी लपवतो," असं ते सांगत. त्यांनी चेनकव्हर असलेल्या माणसाला कारखान्यात उधारीवर सूत दिलं नव्हतं. आणि आता त्यांच्याच काळ्या सायकलला पुढपासून मागपर्यंत पत्र्याचं बंद कव्हर! मी विचारलं तर म्हणाले, "लुंगी अडकते." चाळीस वर्षं अडकली नव्हती ती.

आणि दुसरं म्हणजे, चाचा म्हातारे झाले. एका आठवड्यात. त्यांची सायकल एकदम मंद झाली. पाय शिलाई मशीनच्या सुईसारखे वरखाली, आणि सायकल आपली वरातीतल्या घोड्यासारखी. कपाळावर घाम. बाजारात लोक हसू लागले. इब्राहिम पाववाला तर जाणूनबुजून त्यांच्या शेजारून सायकल नेत विचारायचा, "चाचा, सासू कुठाय?" चाचा ऐकून घ्यायचे. "उमर झाली बाबा. दम लागतो."

ही बातमी धर्मादादांच्या पडवीपर्यंत पोचली. गफूरचा दम गेला, हे त्यांना आधी खरं वाटेना. मग एका शुक्रवारी चाचा स्वतःच धापा टाकत त्यांच्या दारात येऊन बसले आणि पाणी मागितलं. धर्मादादा मला म्हणाले, "सायकल काढ रे खाली."

ती खुंटीवरची सायकल मीच खाली काढली. दोघं निघाले. परत आले तेव्हा धर्मादादा पुढे होते, फार नाही, एखाद्या सायकलीच्या अंतरानं. चेहरा लाल, मिशी वर. दुरूनच ओरडले, "सगळ्यांना सांगा, आज बी मीच जितलो! गफूर, खलास झाला रे तू!"

"झालो बाबा," मागून चाचा म्हणाले.

तेव्हापासून शुक्रवार पुन्हा सुरू झाला. धर्मादादांचा पाय भरत गेला. काठी पडवीतून आत गेली, आतून माळ्यावर गेली. दर शुक्रवारी ते जिंकायचे आणि दर शनिवारी ते साऱ्या कारखान्याला सांगायचे. कव्हरच्या आत काय आहे याची शंका मला होती, पण चाचा त्या सायकलला कोणाला हात लावू देत नसत. पंक्चरसुद्धा स्वतः काढायचे.

मग चाचांच्या मुलानं मस्कतहून सायकल पाठवली. दोन्ही मुलं तिकडेच होती. थोरल्यानं गावच्या एका माणसाबरोबर गिअरची सायकल धाडली. आमच्या भागात तशी सायकल कोणी पाहिली नव्हती. पुढे तीन चक्रं, मागे सहा, आणि हँडलवर दोन दांड्या. दांडी ओढली की चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारते. बघायला अर्धी चाळ जमली.

मला वाटलं होतं चाचा आनंदानं नाचतील. जन्मभर ज्यांनी एकेका दातासाठी हात काळे केले, त्यांच्या दारात सगळे दात एकदम आले होते. पण चाचांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि विचारलं, "तीन सक अठरा? एका माणसाला? आरं, अठरा जोड्या चपला घेऊन कोण मशिदीत जातो का?"

तरी आठ-दहा दिवस ते तिला सोडेनात. मला घेऊन बसायचे आणि प्रत्येक जोडी आकडेमोड करून तपासायचे. एक दिवस ते आरडाओरडा करत माझ्याकडे आले. "मास्तर, फसवलं! पुढं अठ्ठेचाळीस मागं चोवीस, म्हणजे दोन. आणि पुढं अठ्ठावीस मागं चौदा, ते बी दोनच! एकच माल दोन पिशव्यांत बांधून दिलाय. अठरा म्हणे!" मुलाचा फोन आला तेव्हा मात्र म्हणाले, "बहोत अच्छी हाय बेटा. रोज चालवतो." आणि फोन ठेवून ती सायकल पुसायला बसले. रोज पुसत असत. चालवत नसत.

मी एकदा म्हटलं, "चाचा, शुक्रवारी ही न्या ना. हिच्यावर पाहिजे तेवढे दात लावता येतात. कष्ट कमी."

"छट्. ही सगळी उघडी हाय," चाचा पटकन बोलून गेले. "दांड्या हँडलवर, चक्रं बाहेर. मी काय लावलंय ते आंधळ्याला बी दिसंल." मग माझ्याकडे बघून गडबडीनं म्हणाले, "म्हणजे, धूळ जाते आत."

पुढच्याच पावसाळ्यानंतर चाचांना ताप आला. नेमका शुक्रवारी. मला बोलावणं आलं. चाचा गोधडीत, डोळे लाल. माडीवर ते एकटेच होते. चाची जाऊन तोवर काही वर्षं झाली होती. खाली लूम बंद, त्यामुळे पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. एरवी त्या घरात मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नसे.

"मास्तर, आज धर्माबरोबर तू जा. एक शुक्रवार चुकला की तो परत खाटेवर बसंल. माझी सायकल ने." मग हात धरून म्हणाले, "आणि जितू नको."

"का?"

"तुला जमणारच न्हाय म्हणा," चाचा म्हणाले आणि गोधडी डोक्यावर घेतली.

मी सायकलवर बसलो आणि पहिल्याच वळणावर सगळं कळलं. पाय फिरताहेत, फिरताहेत, आणि रस्ता काही मागे जात नाही. मागे बावीस होतेच, पुढचं चेनव्हीलसुद्धा चाचांनी कुठूनतरी छोटं शोधून बसवलं होतं. ब्रेक दाबायची गरजच नाही. जीव तोडून पायडल मारा, मनापासून हरा. शेजारच्याला तुमच्या घामात काही खोट दिसणार नाही. एवढ्यासाठी हा माणूस दोनतीन वर्षं साऱ्या बाजाराचं हसू सोसत होता.

धर्मादादा माझ्या पुढे मजेत चालले होते. अंजूरफाट्यावर आम्ही चहाला थांबलो तेव्हा मी घामाघूम होतो. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय मास्तर, बावीस का?"

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"आरं, जल्म गेला माझा दात बदलण्यात. त्यानं चेन झाकली, पण पाय कुठं झाकणार? पयल्याच शुक्रवारी बगितलं. ह्याचं पाय माझ्या दुप्पट फिरतात आन् हा माझ्या मागं!" ते हसायला लागले. "आन् वर मलाच शिकवतो, पाय झूट न्हाय बोलत!"

"मग बोलला का नाहीत?"

धर्मादादांनी बशी खाली ठेवली. "पयलं बोलणार होतो. राग बी आलावता. मंग त्या दिवशी त्याला सोडायला माडीवर गेलो. शुक्रवार. लूम बंद. सगळं कसं गप. त्याची पोरं तिकडं, वहिनी गेलेली. सहा दिवस त्याच्याशी मशीन बोलतं, मास्तर. शुक्रवारी कोण बोलणार?" त्यांनी मिशी पुसली. "माझा पाय कवाच बरा झालाय. खरं सांगू, मला दुपारी झोप लागते आताशा. पण मी न्हाय आलो तर तो जाईल कुठं?"

आम्ही निघालो. चढ लागायच्या आधी धर्मादादा थांबले, आणि चोरटेपणानं इकडेतिकडे बघत म्हणाले, "एक काम कर. माझं वीस काढून बावीस टाकून आण नारपोलीच्या दुकानातून. पुढचं बी छोटं मिळालं तर बग. आन् त्याच्यासारखं पत्र्याचं कव्हर."

"कशाला? तुमचा पाय तर..."

"लवकर पोचतो रे आपण," धर्मादादा म्हणाले. "लवकर परत येतो. मंग संध्याकाळभर तो एकटा बसतो खुर्ची टाकून."

मी ते काम करून दिलं. चाचा बरे झाले आणि पुढच्या शुक्रवारी दोन काळ्या सायकली, दोन्हींना पत्र्याची बंद कव्हरं, कामतघरातून बाहेर पडल्या. चार पाय असे फिरत होते की बघणाऱ्याला भोवळ यावी, आणि सायकली जागच्या जागी डुलत होत्या. नारपोलीच्या वळणावर त्यांना कांद्याची हातगाडी मागे टाकून गेली. एक म्हातारी पिशवी घेऊन चालली होती, तीही पुढे गेली. इब्राहिम पाववाला रस्त्याच्या कडेला सायकल थांबवून नुसता बघत उभा राहिला, त्याला चिडवायलाही काही सुचेना. धर्मादादांना हातगाडीचं काहीच वाटलं नाही. ते मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होते आणि चाचा मोठमोठ्यानं ते खोडून काढत होते.

परत आले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लूम सुरू झाले होते आणि मी शाळेत निघालो होतो. चाचांनी मला दारातून हाक मारली. चेहरा गंभीर. मला बाजूला घेऊन, लूमच्या आवाजातही कुणी ऐकेल की काय अशा बेतानं माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मास्तर, धर्मा काल लई हळू चालवत होता. पाय परत दुखायला लागला वाटतं. बोलणार न्हाय तो, लई मानी हाय. काल मी जितता जितता वाचलो."

मी मान हलवली.

"आता माझ्याकडं ह्याच्याखाली दात न्हायत," चाचा म्हणाले. मग चढाकडे बघत त्यांनी विचारलं, "लहान पोरांच्या सायकलचं चेनव्हील मिळंल का रे कुठं?"

मी म्हटलं, "बघतो चाचा."